कुठूनच न आलेले पैसे

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं माँटगमरी शहर. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली आणि ५ डिसेंबरपासून तिथल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला. मार्टिन ल्यूथर किंग हे नाव जगाला कळलं ते याच लढ्यातून. हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतं. आज मला बोलायचंय ते पेट्रोलबद्दल.

बसमध्ये बसायचं नाही असं ठरलं, पण कामावर तर जायलाच हवं होतं. कुणी धुणंभांडी करायला, कुणी स्वयंपाकाला, कुणी गोऱ्यांची मुलं सांभाळायला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, रोज. कित्येक जण पायीच जात. बाकीच्यांसाठी सुमारे ३०० खासगी गाड्या ठरलेल्या थांब्यांवरून माणसं न्यायला-आणायला लागल्या. चर्चनी स्टेशन वॅगन घेतल्या. या सगळ्याला इंधन लागत होतं, टायर लागत होते, विमा लागत होता. तिथल्या कंपन्यांनी विमा रद्द केल्यावर तो थेट लंडनच्या लॉइड्सकडून मिळवावा लागला. वर्षभर हा खर्च कुणी पेलला? बाहेरून देणग्या आल्या, हे खरं. पण शहरातल्या शहरात, भाजी-पोळीच्या हिशेबातून पैसा उभा करणारी एक बाई होती. जॉर्जिया गिलमोर.

जॉर्जियाबाई एका उपाहारगृहात स्वयंपाक करायच्या. पदरात सहा मुलं. बसचा राग त्यांच्या मनात आधीपासूनच होता. तिथली रीत अशी, की कृष्णवर्णीय प्रवाशानं पुढच्या दारानं चढून पैसे द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दारानं आत जायचं. एकदा ड्रायव्हरनं त्यांचे पैसे घेतले, त्यांना खाली उतरवलं आणि मागच्या दाराशी पोचायच्या आत बस पुढे नेली. त्या दिवसापासून त्यांनी बस सोडली होती. बहिष्काराची हाक नंतर आली.

पहिल्या मोठ्या सभेसाठी त्यांनी बायकांमध्ये वर्गणी काढली. १४ डॉलर जमले. त्यांतून कोंबड्या, पाव, लेट्यूस आणलं, सँडविचं केली आणि सभेला जमलेल्यांना विकली. तिथून सुरुवात झाली. मग घराघरांतून केक, रताळ्याचं सारण भरलेले गोड पदार्थ, जेवणाची ताटं. ब्यूटी पार्लरात, टॅक्सीच्या अड्ड्यावर, दारोदार विक्री. गोरी गिऱ्हाइकंही होती.

आणि या मंडळाचं नाव काय? 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. कुठलाच नसलेला क्लब! पैसे कुठून आले असं विचारलं, तर उत्तर तयार: कुठूनच नाही. मला हे नाव फार मोलाचं वाटतं. त्यामागे भीती होती, आणि ती खरी होती. या बायकांची चूल गोऱ्यांच्या घरच्या पगारावर पेटत होती. कुणी केक केला, कुणी घेतला, हे फक्त जॉर्जियाबाईंना ठाऊक. यादी बाहेर गेली असती तर नोकऱ्या गेल्या असत्या. घाबरलेल्या माणसालाही लढ्यात जागा असते, ती करून द्यावी लागते. त्यांनी ती करून दिली.

सोमवारच्या सभेत त्या जमलेली रक्कम पुढे ठेवत. शहराच्या दुसऱ्या भागातल्या इनेझ रिक्स यांचाही असाच एक क्लब होता. कुणाचे पैसे जास्त, यावर चुरस लागायची आणि सभा टाळ्यांनी दणाणून जायची.

मार्च १९५६मध्ये या बहिष्कारावरून किंग यांच्यावर खटला चालला. जॉर्जियाबाई साक्षीला उभ्या राहिल्या आणि बसमध्ये काय होतं ते सगळं सांगून आल्या. नोकरी गेली. तेव्हा किंग यांनीच सुचवलं, की घरूनच जेवण विका. भांडीकुंडी घ्यायला मदतही केली. मग त्या पहाटे उठून रांधू लागल्या आणि त्यांच्या घरी जेवायला रांग लागू लागली. वकील, धर्मगुरू, मजूर, सगळे एकाच स्वयंपाकघरात.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बाया आठवा. संपाच्या दिवसांत गिरणी कामगारांना त्यांनी उधारीवर जेवू घातलं आणि स्वतः सावकाराच्या कर्जात बुडाल्या. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायांसाठी. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणं सापडतात. उधारीच्या वह्या कुणी जपून ठेवल्या असतील?

१३ नोव्हेंबर १९५६ला सर्वोच्च न्यायालयानं बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. डिसेंबरात बहिष्कार संपला. जॉर्जियाबाईंचा स्वयंपाक संपला नाही. मार्च १९९०मध्ये मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगमरी पदयात्रेला २५ वर्षं होत होती. येणाऱ्या लोकांसाठी त्या चिकन आणि मॅकरोनी-चीज रांधत होत्या, आणि त्यातच त्यांचं निधन झालं. सांत्वनाला घर माणसांनी भरलं. घरच्यांनी त्यांच्या हातचं ते जेवण सगळ्यांना वाढलं.