पक्षाचा रकाना

(दृश्य : पहाट. टेबल रॉक टेकडीवरून दिसणारे बॉयसी शहर, मग विधानभवनाचा घुमट.)

या टेकडीच्या खाणीतून काढलेला वाळूखडक खाली वाहून नेऊन आयडाहो राज्याचे विधानभवन बांधले गेले आणि जमिनीखालचे उष्ण पाणी नळांतून खेळवून ते हिवाळ्यात आजही उबदार ठेवले जाते. अमेरिकेच्या पन्नास राज्यांत अशी सोय असलेले दुसरे विधानभवन नाही. आत सत्तर प्रतिनिधी आणि पस्तीस सिनेटर बसतात. त्यांतले बहुतेक जण निवडून येतात ती तारीख कागदोपत्री नोव्हेंबरातली असते, पण त्यांचे भवितव्य सहा महिने आधीच, मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी, ठरून गेलेले असते.

(दृश्य : भिंतीवरची माजी गव्हर्नरांची छायाचित्रे, कॅमेरा सेसिल अँड्रस यांच्यापाशी थांबतो.)

आयडाहोचे शेवटचे डेमोक्रॅटिक गव्हर्नर सेसिल अँड्रस यांनी १९९५ च्या जानेवारीत पद सोडले. त्यानंतर हे पद सातत्याने रिपब्लिकन पक्षाकडेच राहिले असून विधिमंडळातही त्या पक्षाचे प्रचंड बहुमत आहे. त्यामुळे बहुतेक मतदारसंघांत रिपब्लिकन उमेदवार कोण, हे ठरले की आमदार कोण, हेही ठरते. आपल्याकडे हा निर्णय पक्षाच्या मुख्यालयात होतो आणि त्याला आपण तिकीटवाटप म्हणतो. अमेरिकेत तो प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत, मतपेटीतून होतो. ही निवडणूक पक्ष स्वतःच्या पैशाने भरवत नाही. मतदान केंद्रे, कर्मचारी, मतपत्रिका आणि मोजणी ही सारी व्यवस्था सरकारी असते व तिचा खर्च करदात्यांच्या पैशातून होतो.

(दृश्य : मतदार नोंदणीचा अर्ज, अगदी जवळून. पेनाचे टोक एका रकान्यावर थबकते.)

हा मतदार नोंदणीचा अर्ज आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि त्यानंतर पक्षाचा रकाना. मान्यताप्राप्त पक्षांच्या नावांबरोबर इथे आणखी एक पर्याय छापलेला आहे : असंलग्न, म्हणजे कोणत्याही पक्षाचा नाही. २०२४ साली आयडाहोच्या मतदार यादीतील सुमारे दहा लाख नावांपैकी अडीच लाखांहून अधिक नावांपुढे हीच नोंद होती. त्या मतदारांना डेमोक्रॅटिक पक्षाची मतपत्रिका मागता येते, कारण तो पक्ष आपले दार उघडे ठेवतो. जिथे खरा निकाल लागतो ती रिपब्लिकन मतपत्रिका हवी असेल, तर मात्र आधी त्या पक्षाचे म्हणून नाव नोंदवावे लागते.

असंलग्न मतदाराला ही नोंद मतदानाच्या दिवशीही करता येते, हे इथे सांगितले पाहिजे. मग अडचण कुठे आहे, असे कोणी विचारील. ती नोंद गुप्त राहत नाही, ही अडचण आहे. मत कोणाला दिले हे कोणाला कळत नसले, तरी मतदार कोणत्या पक्षाचा हे सार्वजनिक यादीत कायम दिसते. छोट्या गावातला दुकानदार, बातमीदार, न्यायालयात काम करणारा कर्मचारी किंवा आयुष्यभर गणवेशात राहून राजकारणापासून अंतर राखलेला निवृत्त सैनिक यांना ती यादी जड जाते.

(दृश्य : जुन्या मतदान केंद्राची छायाचित्रे, पडदा लावलेली मतदानाची जागा.)

हा रकाना फार जुना नाही. २०११ पर्यंत आयडाहोत मतदाराची पक्षनिहाय नोंदणीच नव्हती. प्राथमिक निवडणुकीत मतदार पडद्यामागे जाऊन आपल्या पसंतीच्या एका पक्षाची पत्रिका भरत असे आणि ती कोणत्या पक्षाची होती हे त्याचे त्यालाच ठाऊक असे. मात्र दुसऱ्या पक्षाचे लोक येऊन आमचा उमेदवार ठरवतात, अशी तक्रार रिपब्लिकन पक्षातील एका गटाने लावून धरली आणि २००८ मध्ये पक्षाने फेडरल न्यायालयात राज्याविरुद्ध दावा दाखल केला. त्यामागे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा एक निकाल उभा होता. त्या निकालाने कॅलिफोर्नियातील सर्व पक्षांची सरमिसळ असलेली प्राथमिक निवडणूक घटनाबाह्य ठरवली होती, कारण आपल्या संघटनेत कोणाला घ्यायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य पक्षालाही आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २ मार्च २०११ रोजी न्यायाधीश बी. लिन विनमिल यांनी आयडाहोची खुली पद्धतही त्याच आधारावर रद्द केली. विधिमंडळाने लगबगीने नवा कायदा केला, गव्हर्नर बुच ऑटर यांनी त्यावर सही केली आणि मे २०१२ मध्ये राज्यातली पहिली बंद, म्हणजे पक्षाकडे नाव नोंदवलेल्यांपुरती, प्राथमिक निवडणूक झाली.

हेच ऑटर निवृत्तीनंतर, २०२३ मध्ये, प्राथमिक निवडणूक पुन्हा खुली करावी या मागणीच्या पाठीशी उभे राहिले. ज्या हाताने दार लावले गेले, तोच हात कडीकडे वळला, आणि मोहिमेला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळाले नसते.

(दृश्य : उत्तरेकडे जाणारा महामार्ग ९५, व्हाइट बर्डचा घाट, मग पाँ द ओरे सरोवराच्या काठचे सँडपॉइंट.)

दक्षिणेकडची बटाट्याची शेते मागे टाकून उत्तरेकडे निघाले की वाटेत घड्याळाचा काटा तासभर मागे घ्यावा लागतो, इतके हे राज्य लांब पसरलेले आहे. सरोवराकाठच्या या सँडपॉइंट गावात ‘रिक्लेम आयडाहो’ ही संघटना सुरू झाली. गरिबांच्या आरोग्यविम्याची, म्हणजे मेडिकेडची, व्याप्ती वाढवण्यासाठी तिने एका जुन्या फिरत्या घराला हिरवा रंग देऊन राज्यभर दौरा केला, सह्या जमवल्या आणि २०१८ साली सुमारे ६१ टक्के मतांनी तो प्रस्ताव मंजूर करून घेतला. त्यानंतर २०२१ मध्ये विधिमंडळाने सह्यांचा नियम इतका कडक केला की कोणताही जनप्रस्ताव, म्हणजे नागरिकांनी सह्या जमवून थेट मतदानाला आणलेला कायद्याचा प्रस्ताव, मतपत्रिकेपर्यंत पोहोचणे जवळजवळ अशक्य व्हावे. तो कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. २०२३ मध्ये हीच माणसे इतर संघटनांना बरोबर घेऊन प्राथमिक निवडणुकीच्या प्रश्नाकडे वळली.

जनप्रस्तावाला मतदारांपुढे जाण्याआधी शीर्षक लागते आणि ते राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे मुख्य कायदा अधिकारी, लिहितात. त्या पदावरचे राउल लॅब्राडोर हे प्राथमिक निवडणूक खुली करण्याच्या या प्रस्तावाचे उघड विरोधक होते. त्यांनी लिहिलेले शीर्षक दिशाभूल करणारे असल्याची तक्रार घेऊन मोहीम न्यायालयात गेली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते नव्याने लिहिण्याचा आदेश दिला. मजकूर सुधारला खरा, पण सह्या गोळा करण्याचा उन्हाळा हातातून गेला.

(दृश्य : शनिवारचा शेतकरी बाजार, मग बर्फ पडत असताना ग्रंथालयाच्या दाराशी उभी असलेली एक वृद्ध स्वयंसेविका. इथे निवेदन काही क्षण थांबावे.)

नियम असा होता की राज्यातील नोंदणीकृत मतदारांपैकी सहा टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे ६३ हजार जणांच्या, सह्या हव्यात, आणि शिवाय पस्तीसपैकी किमान अठरा मतदारसंघांतून प्रत्येकी सहा टक्के सह्या स्वतंत्रपणे आलेल्या हव्यात. एकट्या बॉयसीत बसून हे काम होत नाही. हातात पॅड, त्याला लावलेला सह्यांचा कागद, सोबत प्रस्तावाचा मजकूर, आणि थंडीत शाई गोठू नये म्हणून खिशात ठेवलेले जादा पेन, एवढ्या सामग्रीनिशी स्वयंसेवक बाजारात, ग्रंथालयाबाहेर आणि दारोदार उभे राहिले.

(दृश्य : टेबलावर कागदांचे गठ्ठे, नोटरीचा शिक्का उमटताना.)

सही मिळाली की काम संपत नाही. ती माझ्यासमोर झाली, असे सह्या गोळा करणाऱ्याने नोटरीपुढे शपथेवर लिहून द्यावे लागते. मग ते कागद काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, क्लर्कच्या कार्यालयात जातात, तिथे प्रत्येक सही मतदार यादीशी पडताळली जाते, आणि अक्षर न लागणारी, पत्ता न जुळणारी किंवा दोनदा केलेली सही बाद होते. म्हणूनच गरजेपेक्षा कितीतरी जास्त सह्या जमवाव्या लागतात. एप्रिल २०२४ च्या अखेरीस मुदत संपली. पडताळणीत ७० हजारांहून अधिक सह्या टिकल्या.

(दृश्य : जुलै २०२४. विधानभवनाच्या पायऱ्यांवर रचलेली खोकी, टाळ्यांचा आवाज तसाच ठेवावा.)

ही ती खोकी. ती दाखल झाल्यावर अ‍ॅटर्नी जनरलनी पुन्हा न्यायालय गाठले आणि सह्या फसवून घेतल्याचा आरोप केला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये तो दावा काढून टाकला, खालच्या न्यायालयातही तो टिकला नाही आणि प्रस्ताव क्रमांक एक म्हणून हा विषय मतपत्रिकेवर छापला गेला.

प्रस्तावाचे दोन भाग होते. पहिल्या भागानुसार सर्व उमेदवार एकाच प्राथमिक मतपत्रिकेवर येणार होते, पक्ष कोणताही असो वा नसो प्रत्येक मतदाराला ती मिळणार होती आणि पहिले चार उमेदवार नोव्हेंबरच्या निवडणुकीत जाणार होते. दुसऱ्या भागानुसार नोव्हेंबरात पसंतीक्रमाने मतदान होणार होते. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालणाऱ्या मराठी मतदाराला पसंतीक्रम नवा नाही, पण आयडाहोच्या विधिमंडळाने त्यावर २०२३ मध्येच बंदी घातली होती. विरोधकांनी प्रचाराचा सारा भर याच दुसऱ्या भागावर दिला : मोजणी गुंतागुंतीची आहे, आणि आयडाहोचे कॅलिफोर्निया होऊ देऊ नका. आपला उमेदवार निवडण्याचा हक्क पक्षाच्या सदस्यांचाच असला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे न्यायालयांनी मान्य केलेले तत्त्व आहे, हेही खरे. तरीही, दोन मागण्या एकाच प्रश्नात बांधल्या नसत्या तर बरे झाले असते, असे ही फिल्म करताना वारंवार वाटत राहिले.

(दृश्य : ५ नोव्हेंबर २०२४, रात्र. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरचे आकडे.)

प्रस्ताव क्रमांक एक सुमारे ७० टक्के विरोधी मतांनी फेटाळला गेला. त्याच दिवशी नेवाडा, कोलोरॅडो, मोंटाना, साउथ डकोटा आणि अ‍ॅरिझोना या राज्यांतही प्राथमिक निवडणुकीची रचना बदलणारे प्रस्ताव पडले, आणि अलास्कात, जिथून हा चार उमेदवारांचा नमुना घेतला होता, तो रद्द करण्याचा प्रयत्न हजाराहून कमी मतांनी फसला.

(दृश्य : मोहिमेच्या कार्यालयात एक स्वयंसेवक भिंतीवरचा नकाशा उतरवतो आहे. पस्तीस मतदारसंघ, काहींवर हिरव्या टाचण्या.)

न्यू मेक्सिकोत २०२५ साली गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशम यांनी असंलग्न मतदारांना प्राथमिक निवडणुकीत कोणत्याही मोठ्या पक्षाची मतपत्रिका मागू देणाऱ्या कायद्यावर सही केली. तिथे पसंतीक्रमाचा विषय जोडलेला नव्हता, आणि सह्यांची खोकीही लागली नाहीत, कारण तो कायदा विधिमंडळानेच केला. नकाशा उतरवणाऱ्या या स्वयंसेवकाला ती बातमी कळली तेव्हा त्याने न्यू मेक्सिकोच्या कायद्याचा मजकूर छापून घेतला आणि तो सह्यांच्या कोऱ्या कागदांबरोबर एकाच फाइलमध्ये लावला.

(दृश्य : मतदार नोंदणीचा तोच अर्ज. पेन अजून रकान्यावरच आहे.)