राखाडी थर

[कुर्ला. चाळीतली खोली. पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली जाते. बाहेर जूनचा पाऊस.]

ही पेटी माझ्या बाबांची. आत फिटरची हत्यारं आहेत. काळे पाने, दोन छिन्न्या, हातोड्या, टॅप फिरवायचा हँडल, सी-क्लॅम्प, गुण्या, कानशी. आपल्या भाषेत पान्यालाही हत्यार म्हणतात आणि बंदुकीलाही. खंडेनवमीला दोन्हींची पूजा एकाच दिवशी होते. आज ज्या कामाची गोष्ट सांगायची आहे, म्हणजे लोखंडावर फॉस्फेटचा राखाडी थर चढवायचं काम, तेसुद्धा या दोन हत्यारांच्या मधलंच आहे. गाजलं बंदुकीवर, आमच्या घरी आलं पान्यांसाठी.

[हाताचा क्लोजअप. बोटांना लागलेली तांबूस पूड.]

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आमच्या खोलीत शिरली. माणसं पोटमाळ्यावर चढली, पेटी खाली राहिली. चौथ्या दिवशी बाबांनी झाकण उघडलं तेव्हा आत गाळ होता, आणि गाळाखाली पाने एकमेकांना चिकटून बसले होते. बाबांनी रॉकेलमध्ये भिजवून, तारेच्या ब्रशनं घासून एकेक सोडवला. पण एकदा गंजलेलं लोखंड मुंबईत पुन्हा पूर्ण निरोगी होत नाही. पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात, खड्ड्यांत मीठ अडकून राहतं आणि पुढच्या जूनमध्ये हवा दमट झाली की तिथूनच सुरुवात होते. समुद्राच्या हवेत क्लोराइड असतं. ते गंज आणखी वेगानं वाढवतं.

दरवर्षी तेल लावायचं, दरवर्षी गंज काढायचा. मध्ये एकदा बाबांनी पाने ब्लॅकोडाइज करून आणले, म्हणजे त्यांच्यावर काळ्या ऑक्साइडचा थर चढवून घेतला. दिसायला सुरेख, काळेभोर. पण तो थर इतका पातळ असतो, की हाताच्या घामानं आणि घर्षणानं दोन पावसाळ्यांत पकडीच्या जागा उघड्या पडल्या.

निवृत्तीनंतर बाबा म्हणाले, "फॉस्फेटिंग करू. स्वतः करू."

[साकीनाका, खैरानी रोड. आतली गल्ली. गाळ्याचं शटर वर जातं.]

पावडर कोटिंगच्या कारखान्यात गेलात तर 'सात टाकी' हा शब्द ऐकू येईल. रंगाआधी पत्रा एकामागून एक सात टाक्यांतून जातो. तेल काढणं, गंज काढणं, मध्ये मध्ये पाण्यानं धुणं, आणि मग फॉस्फेटची टाकी. गाडीच्या बॉडीला रंग घट्ट धरतो तो या फॉस्फेटमुळे. गिअर आणि कॅमशाफ्टवर मँगनीज फॉस्फेट असतं, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला फिरताना धातू धातूला खात नाही. तार ओढणाऱ्या कारखान्यात झिंक फॉस्फेट असतं, कारण त्यात साबण धरून राहतो आणि तार डायच्या, म्हणजे साच्याच्या, भोकातून सरकते. मुंबईचा अर्धा धातुधंदा या राखाडी थरावर चालतो, आणि तयार मालावर तो बहुतेक रंगाखाली किंवा तेलाखाली लपलेला असतो.

बंदुकीवर मात्र तो उघडा दिसतो.

[जुन्या रायफलीचं छायाचित्र. चमक नसलेला, राखाडी पोत.]

इंग्लंडमध्ये १८६९ साली रॉस नावाच्या माणसानं लोखंडावर फॉस्फेट चढवायचं पहिलं पेटंट घेतलं. कामाला येईल अशी कृती दिली ती थॉमस कॉस्लेट यांनी, १९०६ मध्ये. त्यांच्या पद्धतीत वस्तू दोन-अडीच तास उकळत्या द्रावणात ठेवावी लागे. अमेरिकेत क्लार्क पार्कर आणि त्यांचे चिरंजीव वायमन यांनी ते हक्क घेतले आणि १९१५ मध्ये कंपनी काढली. तिच्या नावावरून हे काम 'पार्करायझिंग' झालं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्करी रायफलींवर ते आलं. दुसऱ्या महायुद्धात एम-वन गॅरंड रायफल आणि १९११ए१ पिस्तूल याच मळकट राखाडी-हिरवट रंगात सैनिकांच्या हाती गेली.

सैन्याला ते का आवडलं, हे बाबांनी मला एका वाक्यात सांगितलं. "चकाकी लागत नाही, आणि पॉलिश करायला कारागीर बसवावा लागत नाही." जुन्या ब्लूइंगमध्ये, म्हणजे बंदुकीवर निळसर-काळा थर चढवायच्या पद्धतीत, आधी आरशासारखं पॉलिश हवं. इथे उलट, पृष्ठभाग खरबरीत हवा. जो लवकर होतो, उन्हात चमकत नाही आणि तेल पिऊन बसतो, असा थर लढाईत जास्त उपयोगी.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगते, कारण परदेशी व्हिडिओ पाहून अनेकांना वाटतं की स्वयंपाकघरात बंदूक उकळली की झालं. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे. बंदूक बाळगायला परवाना लागतो, आणि बंदूक दुरुस्त करण्याचा धंदा करायला वेगळा परवाना लागतो. त्यामुळे बंदुकीचं काम परवानाधारक कारागिराकडेच जायला हवं. या गाळ्यात आम्ही केली ती फक्त कामाची हत्यारं.

[स्टीलची उंच टाकी, इलेक्ट्रिक शेगडी, तारेला टांगलेला थर्मामीटर.]

आधी भांडं. बाबांच्या नजरेत आईचं मोठं पातेलं होतं. आईनं ते दिलं नाही, आणि तिचंच बरोबर होतं. ज्या भांड्यात हे द्रावण एकदा गेलं, ते पुन्हा अन्नाला लावायचं नाही. भांड्यांच्या बाजारातून उंच, चौकोनी, स्टेनलेस स्टीलची टाकी आणली. ॲल्युमिनियम चालत नाही, द्रावण त्याला खातं. गॅल्व्हनाइज्ड बादली तर अजिबात नाही, तिचं जस्तच विरघळून द्रावण बिघडवतं.

घरी करायचा विचार पहिल्याच दिवशी सोडला. एका खोलीत पाच माणसं, एक खिडकी. या कामात आम्लाची वाफ येते, हायड्रोजन सुटतो. बाबांच्या जुन्या मित्रानं गाळ्यातला कोपरा दिला, वर एक्झॉस्ट पंखा, आणि उघडी ज्योत नको म्हणून गॅसऐवजी इलेक्ट्रिक शेगडी. शेजारी दोन बादल्या पाणी आणि खायच्या सोड्याचा डबा. रबरी हातमोजे, चष्मा, लांब एप्रन. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते अंगावर नको होतं, पण बाबांनी ढिलाई चालू दिली नाही.

द्रावण तयार मिळतं, मस्जिद बंदरच्या केमिकलच्या दुकानांत. मँगनीजचं घेतलं, ते जास्त गडद येतं. पाणी बॅटरीत घालतात ते, डिस्टिल्ड. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात आधी पाणी, मग त्यात आम्ल. पाणी आम्लात ओतायचं नाही. हे प्रत्येक शाळेत शिकवतात, आणि तरी मी हात उलटा नेला होता. बाबांनी मनगट धरलं.

नव्या द्रावणाला थोडं लोखंड खाऊ घालावं लागतं, त्याशिवाय ते पहिल्या वस्तूवर नीट बसत नाही. त्यासाठी स्टील वूलचा गोळा तेल काढून आत सोडतात. मी हुशारी करून आईची तारेची घासणी टाकली. अर्ध्या तासानं ती जशीच्या तशी चकचकीत बाहेर आली, कारण घासणी स्टेनलेसची, आणि स्टेनलेसवर हे काही चढत नाही. पितळेवरही नाही. क्रोमचा मुलामा असेल तर तो आधी पूर्ण उतरवावा लागतो. म्हणून आमच्या पेटीतले चकचकीत पाने बाजूला राहिले आणि जुने, घडीव, काळे तेवढे आले.

बाजूला आणखीही काही राहिलं. गुण्या नाही. या थराला काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग, जाडी असते, आणि त्याआधी ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबानं बारीक कण मारून पृष्ठभाग खरवडणं. मापाचं हत्यार मापातून जाईल. स्प्रिंगाही नाहीत. आम्लातला हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. स्प्रिंग आज ठीक दिसते आणि महिन्यानं कामाच्या मध्यात तुटते.

[ब्लास्टिंगची बंद पेटी. काचेआड हात. कर्कश आवाज.]

खरं काम इथे होतं. टाकीपाशी अर्धा तास, तयारीला दोन दिवस. आधी डिग्रीझिंग, म्हणजे तेल काढणं. खड्ड्यांत जिरलेलं वीस वर्षांचं तेल कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याशिवाय निघत नाही. मग ब्लास्टिंग. शेजारच्या गाळ्यात बंद पेटी होती, ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या ग्रिटची, म्हणजे कडक कणांची. रेती वापरायची नाही. रेतीची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते, त्याला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा होत नाही. बाबांच्या टूलरूममध्ये असे खोकणारे दोघे होते. त्यांच्याबद्दल बोलताना बाबा अजूनही आवाज खाली आणतात.

ब्लास्टिंगमधून पाना बाहेर येतो तो पांढुरक्या राखेच्या रंगाचा. सुंदर दिसतो. मी तो उचलला. उघड्या हातानं.

[टाकी. पृष्ठभागाला हलकी वाफ. पाना तारेला टांगून आत जातो.]

थर्मामीटर ९० अंश दाखवतोय. ९५च्या वर जाऊ द्यायचं नाही. उकळी फुटली की तळाचा गाळ वर येतो आणि वस्तूवर बसतो. पाना आत जाताच त्याच्या सर्व अंगावरून बारीक बुडबुडे सुटू लागतात. सोड्याच्या बाटलीसारखे.

हे बुडबुडे म्हणजे काय, ते समजलं तेव्हा मला या कामाची गोडी लागली. द्रावणातलं फॉस्फोरिक आम्ल लोखंडाला खायला लागतं. खाताना हायड्रोजन सुटतो आणि लोखंडाला चिकटलेल्या पाण्याच्या पातळ पदरातलं आम्ल तिथल्या तिथे संपतं. बाकी टाकी आंबट, पण अगदी कातडीजवळ आंबटपणा कमी. आणि कमी आंबट पाण्यात मँगनीजचं फॉस्फेट विरघळून राहू शकत नाही. ते स्फटिक होऊन, जिथे आम्लानं चावा घेतला त्याच जागी बसतं. म्हणजे थर बाहेरून लेपलेला नसतो, लोखंडात मूळ धरून उगवलेला असतो. सगळं अंग झाकलं गेलं की आम्लाला खायला लोखंड उरत नाही आणि बुडबुडे आपोआप थांबतात. घड्याळ लागत नाही. आमचा पहिला पाना बावीस मिनिटांत शांत झाला.

बाहेर काढला. गरम पाण्यात धुतला. गडद राखाडी, मऊ, एकसारखा.

मुठीपाशी सोडून. तिथे माझ्या अंगठ्याचा ठसा होता, उजळ, रेघारेघांसकट. घामाचं आणि कातडीचं तेल लागलेल्या जागी द्रावण पोचलंच नव्हतं.

मला वाटलं, बाबा राहू देतील. त्यांनी पाना माझ्या हातात परत दिला. "गंज इथूनच सुरू होणार. पुन्हा ब्लास्ट कर. या वेळी मोजे घालून."

[ओळीनं टांगलेले पाने. ब्रशनं तेल लावणारा हात.]

पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. फॉस्फेटचा थर एकटा गंज फारसा थोपवत नाही. कोरडा ठेवला तर मुंबईच्या हवेत काही दिवसांत तांबूस डाग दिसतील. त्याचा गुण असा की तो स्पंजासारखा आहे, सूक्ष्म स्फटिकांच्या फटीत तेल धरून ठेवतो. गुळगुळीत पोलादावरचं तेल पुसलं जातं, इथलं आत राहतं. बिडाच्या नव्या तव्याला आपण तेल पाजतो, तोच न्याय. धुतल्यावर वस्तू गरम असतानाच, पाणी हटवणारं तेल, मग मशीन ऑइल, आणि रात्रभर तसंच ठेवायचं. राखाडी रंग सकाळपर्यंत जवळजवळ काळा झालेला असतो.

[प्लास्टिकचा कॅन. चुन्याची पिशवी.]

वापरलेलं द्रावण आणि धुण्याचं पाणी यावर बाबा आणि मित्र यांचं थोडं वाजलं. गल्लीतलं गटार दहा पावलांवर. मित्र म्हणाला, एवढ्याशानं काय होतंय. बाबांनी ऐकलं नाही. साकीनाका आणि कुर्ल्याच्या गटारांतून जे जातं ते मिठीत जातं, आणि मिठी एकदा आमच्या घरात येऊन गेली आहे. द्रावणात चुना घातला, आंबटपणा मेला, मँगनीजचा गाळ खाली बसला. गाळ कॅनमध्ये भरून ओळखीच्या प्लेटिंगवाल्याकडे दिला. त्याचा घातक कचरा तळोजाच्या केंद्रात जातो, त्याबरोबर आमचाही गेला. या कामाला एक अख्खा दिवस लागला. व्हिडिओत तो तीस सेकंदांचा दिसेल. करणाऱ्यानं मात्र अख्खा दिवस धरूनच चालावं.

[खोली. पाटावर लाल कापड. झेंडू. हत्यारं ओळीनं मांडलेली.]

खंडेनवमी. अकरा हत्यारं राखाडी, बाकीची जुन्या रंगात, सगळी एका पाटावर. गुण्या मधोमध.

दरवर्षी आई ओलं कुंकू लावते, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक पान्यावर कुंकवाच्या टिकलीखाली गंजाचा एक गोल ठिपका असतो. बाबा तो कधी बोलून दाखवत नसत. गुपचूप पॉलिश पेपरनं घासून काढत.

या वर्षी आईनं वाटी घेतली, कुंकू काढलं, आणि पाण्याच्या तांब्याकडे गेलेला हात थांबवला.

"काय हो, मारुतीला शेंदूर तेलातच कालवून लावतात ना?"

बाबांनी तेलाची बुधली पुढे सरकवली.