भटारखान्यानंतरचा हिशेब

मेलबर्नच्या ला ट्रोब रस्त्यावरील विल्यम अँग्लिस संस्था १९४० मध्ये अन्नव्यवसायांचे शिक्षण देण्यासाठी सुरू झाली. आज ऑस्ट्रेलियात असे शिक्षण देणाऱ्या सरकारी आणि खासगी संस्था पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या भटारखान्यांत पांढरा कोट चढवून उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांत महाराष्ट्रातून गेलेली मुलेमुलीही असतात. त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो: आधी कमर्शियल कुकरीचे सर्टिफिकेट थ्री, मग किचन मॅनेजमेंटचे सर्टिफिकेट फोर आणि त्यानंतर हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंटचा डिप्लोमा.

हा क्रम असाच का, याचे एक उत्तर स्वयंपाकाशी संबंधित नाही, आणि ते आधीच सांगून टाकलेले बरे. शिक्षणानंतर काही काळ तेथे काम करण्याचा व्हिसा मिळवायचा, तर इतर अटींबरोबर किमान ९२ आठवड्यांच्या नोंदणीकृत शिक्षणाचीही अट असते, आणि नुसत्या सर्टिफिकेट थ्रीने ती भागत नाही. साहजिकच अनेकांच्या लेखी डिप्लोमा म्हणजे आठवडे भरून काढण्याची सोय ठरतो. असल्या हिशेबाचा भरवसा किती धरावा, हे २०१० ने दाखवून दिले आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तेथील सरकारने मागणी असलेल्या व्यवसायांची जुनी यादी रद्द केली, आणि केवळ स्थायिक होण्यासाठी कुकरीला प्रवेश घेतलेल्या हजारो विद्यार्थ्यांचे बेत कोलमडले. म्हणून व्हिसा बाजूला ठेवून, या डिप्लोमात शिकण्यासारखे काय आहे, एवढेच पाहू.

कुकचे प्रशिक्षण हे अंगमेहनतीचे शिक्षण आहे. न्याहारी, दुपारचे किंवा रात्रीचे जेवण अशा ४८ पूर्ण सर्व्हिस प्रत्यक्ष चालत्या भटारखान्यात पार पाडल्याशिवाय त्यातला मुख्य घटक पुरा होत नाही. अन्न ५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड किंवा ६० अंशांच्या वर गरम ठेवायचे, हा नियम तेथे हाताच्या सवयीत उतरतो. पुढे डिप्लोमाच्या २८ घटकांपैकी ११ अनिवार्य असतात, आणि उरलेल्या ऐच्छिक घटकांत कुकरीत पुरे केलेले बरेचसे घटक जमेस धरले जातात. त्यामुळे नवे शिकायचे ते थोडेच उरते. पण ते अगदी वेगळ्या जातीचे असते.

मेन्यूची किंमत ठरवण्याचा घटक घेऊ. समजा, ४ किलोचा आख्खा स्नॅपर मासा १८ डॉलर किलोने आणला, म्हणजे ७२ डॉलर झाले. डोके, काटे आणि कातडी गेल्यावर हाती १.८ किलो मांस आले, तर त्याचा खरा भाव ४० डॉलर किलो पडला. १८० ग्रॅमचा तुकडा ७ डॉलर २० सेंटचा. सोबतचा सॉस आणि भाज्या २ डॉलर ४० सेंटच्या. एकूण ९ डॉलर ६० सेंट. कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या ३० टक्क्यांत बसवायचा, तर ताटाची किंमत ३२ डॉलर येते आणि १० टक्के जीएसटी धरून ३५ डॉलर २० सेंट. आता गर्दीच्या वेळी कुकने अंदाजाने २०० ग्रॅमचा तुकडा कापला, तर खर्च १० डॉलर ४० सेंटवर आणि प्रमाण साडेबत्तीस टक्क्यांवर जाते. ज्याने स्वतः सुरी चालवली आहे, त्याला हे वीस ग्रॅम कुठे निसटतात ते ठाऊक असते. नुसता हिशेब शिकलेल्याला महिनाअखेरीस फक्त तूट दिसते.

रोस्टरचे, म्हणजे कोणाची पाळी केव्हा हे ठरवणाऱ्या तक्त्याचेही तसेच. हॉस्पिटॅलिटी अवॉर्ड या वेतननियमावलीप्रमाणे कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या, कामगाराला रविवारी मूळ दराच्या १७५ टक्के आणि सार्वजनिक सुट्टीला २५० टक्के द्यावे लागतात. विद्यार्थी असताना याच रविवारच्या शिफ्टसाठी चढाओढ केलेली असते. डिप्लोमात तीच शिफ्ट खर्चाच्या रकान्यात मांडावी लागते, आणि दोनऐवजी तीन माणसे लावली तर गल्ला किती व्हायला हवा, याचे उत्तर द्यावे लागते. माझ्या मते सबंध अभ्यासक्रमातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे. अंदाजपत्रक, कायदेशीर जोखीम, तंटे सोडवणे हेही विषय असतात. पण ते कागदोपत्री उरकण्याकडे कल असतो, आणि कल्पित हॉटेलाच्या माहितीवर लिहिलेल्या प्रकल्पातून खरा नाराज कुक सांभाळता येत नाही.

डिप्लोमा मिळाला म्हणून कोणी दुसऱ्या दिवशी मॅनेजर होत नाही. पुढची वाट पुष्कळदा सू शेफच्या, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालच्या दुय्यम शेफच्या, जागेवरून जाते, कारण मालाची मागणी, पाळ्या आणि नासाडीची नोंद ही कामे स्वयंपाकाबरोबर त्याच्याकडेच येतात. जे पुण्या-मुंबईला परततात, त्यांना या शिक्षणाचे दोन भाग पाडावे लागतात. माशातून किती मांस निघाले, हे गणित सुरमईलाही लागू पडते. पगाराचे कोष्टक मात्र नव्याने मांडावे लागते: महाराष्ट्रात रविवारसाठी असा चढा दर नाही, जादा वेळेला दुप्पट वेतनाचा नियम आहे, आणि साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी लावताना खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नसल्याने तो कर मालाच्या खर्चातच धरावा लागतो.