पगारासाठी देणगी मागताना

नमस्कार मंडळी.

मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. बँकेतून निवृत्त झाले आणि गेली नऊ वर्षं मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेची खजिनदार आहे. त्यामुळे आज जे बोलणार आहे ते पावतीपुस्तक आणि खतावणी समोर ठेवूनच. या कामात मला सगळ्यांत अवघड काय वाटत असेल, तर पगारासाठी देणगी मागणं. तेवढंच तुमच्यापुढे मांडायला आले आहे.

देणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. शाळेची खोली, देवळाची पायरी, ॲम्ब्युलन्स, गावातल्या दवाखान्याला खाटा, यासाठी लोक आपण होऊन पुढे येतात. दिलेलं डोळ्यांना दिसतं, त्यावर आईवडिलांचं नाव घालता येतं. त्यात काही गैर आहे असं मला मुळीच वाटत नाही. ठाण्याचं मनोरुग्णालयच घ्या. 'याला ठाण्याला पाठवा' असं आपण सहज बोलून जातो. ऐकणाऱ्यांपैकी कुणाचं माणूस खरंच तिथे असेल, हे मनातही येत नाही. ते रुग्णालय विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला उभं राहिलं, त्यामागे शेठ नरोत्तमदास माधवदास यांची देणगी होती, आणि पुढे कित्येक वर्षं ते त्यांच्याच नावाने ओळखलं जायचं. त्या काळात मनोरुग्णाला डोक्यावर छप्पर मिळणं हीच पहिली गरज होती. शेठजींनी ती ओळखली आणि भिंती बांधून दिल्या.

आजची गरज वेगळी आहे. स्किझोफ्रेनियावर, नैराश्यावर औषधं आहेत. त्यातली बरीचशी जुनी आहेत, फार महागही नाहीत. उणीव आहे ती माणसांची. २०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. बारा राज्यांत झालं ते, आपला महाराष्ट्र त्यात नव्हता. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि वेगवेगळ्या आजारांत मिळून ७० टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. गोळीचं पाकीट दुकानात पडून असतं. ती सुरू करायला हवी हे सांगणारं, तीन महिन्यांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद केली की घरी जाऊन विचारणारं माणूस नसतं.

आता गोव्यात चला. 'संगत' ही संस्था १९९६ पासून तिथे काम करते आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या मंडळींनी एक साधा प्रश्न घेतला: मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नाहीत, तर गावातलीच पदवीधर बाई, जिला वैद्यकीय शिक्षण नाही, तिला दोनेक महिन्यांचं नीट प्रशिक्षण दिलं, तर नैराश्याच्या आणि चिंतेच्या रुग्णाला तिचा उपयोग होईल का? नुसतं 'होईल असं वाटतं' म्हणून ते थांबले नाहीत. १२ प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि १२ खाजगी डॉक्टरांचे दवाखाने घेतले. निम्म्या ठिकाणी अशी समुपदेशक बसवली, निम्म्या ठिकाणी नेहमीचीच पद्धत ठेवली. २,७९६ रुग्ण त्यात होते. 'मानस' या नावाने हा अभ्यास ओळखला जातो आणि २०१० मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

सरकारी केंद्रांत, जिथे समुपदेशक होती तिथे सहा महिन्यांनी शंभरातले सुमारे ६६ रुग्ण बरे झालेले होते. जिथे नव्हती तिथे ४२-४३. हा फरक लहान नाही. त्यातल्या एखाद्या बाईच्या घरी स्वयंपाक पुन्हा वेळेवर होऊ लागला असेल, एखादा माणूस पुन्हा कामावर जाऊ लागला असेल. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही. दोन्हीकडे जवळपास सारखेच रुग्ण बरे झाले. हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे छापलं. मला त्या अभ्यासातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. नेहमीचा फॅमिली डॉक्टर रुग्णाला नावाने ओळखतो, घरचं विचारतो, म्हणून तिथे आधीच काही मिळत असावं, असा माझा अंदाज. पण अंदाज करायला तरी आकडा हाताशी हवा, आणि आपल्या मनासारखं उत्तर येणार नाही हे पत्करून पैसे देणारं कुणीतरी हवं.

ते कुणी दिले? वेलकम ट्रस्टने. हेन्री वेलकम हा १८५३ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये जन्मलेला माणूस. लंडनला जाऊन भागीदाराबरोबर त्याने औषधांची कंपनी काढली आणि दाबून बनवलेल्या गोळ्या विकून श्रीमंत झाला. १९३६ साली तो वारला तेव्हा मृत्युपत्रात लिहून ठेवलेलं होतं की कंपनीचा पैसा संशोधनासाठी लावावा. गोळ्यांवर मिळवलेला तो पैसा सत्तर वर्षांनी गोव्याच्या आरोग्य केंद्रात पोचला आणि बोलण्याने, ऐकून घेण्याने माणूस बरा होतो का, हे तपासायला कामी आला. अशा कामात पैसा जातो कशावर? समुपदेशकांचे पगार, त्यांचं प्रशिक्षण, रुग्णांच्या घरी जाऊन माहिती घेणाऱ्यांचा प्रवास यांवर. माणसांच्या वेळेवर.

पुढे 'संगत'नेच नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींचा एक छोटा उपचार बसवला. रुग्णाने पुन्हा एकेक कामाला हात घालावा, शेजारणीकडे जावं, परसातलं थोडं बघावं, अशा बारीक पावलांचा. तोही दहा आरोग्य केंद्रांत तपासून २०१७ साली प्रसिद्ध केला.

संशोधनाला दिलेला पैसा थांबायला तयार असावा लागतो. चेन्नईतल्या डॉक्टरांनी १९८१ साली पहिल्यांदाच स्किझोफ्रेनिया झालेले ९० रुग्ण अभ्यासासाठी घेतले आणि वीस वर्षांहून जास्त काळ त्यांचा माग ठेवला. कोण कामाला लागलं, कुणाचं लग्न झालं, कुणाचा आजार उलटला. सुरुवातीला सरकारी संशोधन परिषदेचा आधार होता. पुढे हे काम 'स्कार्फ' या संस्थेने चालू ठेवलं. ती संस्था १९८४ साली डॉ. शारदा मेनन यांनी काढली. त्या मद्रासच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या अधीक्षक राहिलेल्या. निवृत्तीनंतर त्यांनी देणगीदारांच्या मदतीने हे उभं केलं. 'या आजारात आयुष्य संपलं' असं जे आपण घराघरांत ऐकतो, ते खोटं आहे हे ठामपणे सांगता येतं ते अशाच अभ्यासांमुळे. तीन वर्षांत 'निकाल दाखवा' म्हणणारा देणगीदार असता, तर हे झालं नसतं.

आता पुण्याबद्दल. आमच्या कामात रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणायची रीत आहे. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या, म्हणजे 'सा'च्या वर्तुळात हे शब्द रोज वापरले जातात. ती संस्था १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केली. धुळे जिल्ह्यातला हा माणूस कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचा प्राध्यापक होता. पत्नीच्या आजारामुळे स्वतः शुभंकर. तिथल्या मराठी माणसांना एकत्र करून ते महाराष्ट्रातल्या संस्थांना पैसे पाठवत, आणि कॅनडा सरकारच्या योजनांतून त्यात भर मिळवत. पुण्यात धायरीला 'सा'चं पुनर्वसन केंद्र आहे. शुभंकरांचे स्वमदत गट भरवणं, येणाऱ्याचं नीट ऐकून घेणं, घाबरलेल्या आईला 'तुमची चूक नाही' हे सांगणं, असं हे काम. याचं उद्‌घाटन करता येत नाही, फीत कापता येत नाही.

कर्जतच्या 'श्रद्धा'चं काम तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला आणायचं, उपचार करायचे, आणि तो बोलता झाला की त्याच्या गावी घरच्यांकडे पोचवायचं. त्यांच्या सुरुवातीच्या काळात चित्रकारांनी आपली चित्रं विकायला देऊन मदत केली होती, कारण रस्त्यावर सापडलेला एक रुग्ण कलाशिक्षक निघाला. आता विचार करा, असा माणूस बिहारमधल्या गावी पोचवायचा तर बरोबर कार्यकर्ता लागतो, रेल्वेचं तिकीट लागतं, भाषा येणारं कुणी लागतं. त्या प्रवासाला कुणाच्या नावाची पाटी लावणार?

म्हणून माझी विनंती थोडी उलटी आहे. देणगी देण्याआधी संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल जरूर मागा. देणगीवर करसवलत देणारं ८०जी प्रमाणपत्र आहे का, विचारा. पण अहवालात पगारावरचा खर्च जास्त दिसला की लगेच भुवया उंचावू नका. कार्यकर्त्या किती आहेत, किती वर्षं टिकल्या आहेत, ते विचारा. शुभार्थी एका माणसावर विश्वास टाकतो. ती ताई आठ महिन्यांत नोकरी सोडून गेली, की त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि कित्येक जण सांगतच नाहीत. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा ठरावीक रक्कम दिलीत, तर आम्हाला पुढच्या वर्षाचा करार करता येतो. कंपन्यांच्या सीएसआरमधल्या, म्हणजे सामाजिक कामाला निधी देणाऱ्या विभागातल्या मंडळींनाही मी हेच सांगते: प्रकल्प एका वर्षाचा असला, तरी आजार वर्षाचा नसतो.

एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, "माझे पैसे तुम्ही एसटीच्या तिकिटात घालवणार?" मला राग आला नाही. प्रश्न प्रामाणिक होता. मी त्यांना प्रवासखर्चाच्या खात्यातल्या तीन नोंदी दाखवल्या. तिन्ही एकाच गावच्या. तिथल्या एका मुलाने औषध बंद केलं होतं आणि खोलीचं दार लावून घेतलं होतं. आमची ताई पहिल्यांदा गेली तेव्हा त्याने दार उघडलं नाही. ती आईजवळ बसून परत आली. दुसऱ्या खेपेला तो खिडकीत आला, पण बोलला नाही. तिसऱ्या खेपेला ती ओट्यावर शेंगा निवडत बसली होती, तेव्हा तो बाहेर येऊन शेजारी बसला आणि त्यानेही शेंगा घेतल्या.

आता तो महिन्यातून एकदा स्वतः एसटीने येतो आणि गोळ्या घेऊन जातो. त्याच्या येण्याजाण्याचं तिकीटही आम्ही त्याच खात्यात लिहितो.