तो येईपर्यंत

प्रभूमध्ये प्रिय बंधूंनो आणि भगिनींनो,

ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्याचा विषय निघाला की बहुतेकांच्या ओठांवर पहिला प्रश्न येतो, ‘कधी?’ थेस्सलनीके या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला मात्र वेगळ्याच प्रश्नाने छळलं होतं. इसवी सन 50 च्या सुमारास प्रेषित पौलाने करिंथहून त्यांना पहिलं पत्र लिहिलं. नव्या करारातल्या सगळ्यांत जुन्या लिखाणांपैकी ते एक. मंडळी अगदी कोवळी होती. दंगल झाली आणि पौलाला रातोरात तिथून निघावं लागलं. तो गेल्यानंतर मंडळीतली काही माणसं वारली. मागे राहिलेले विचारू लागले: प्रभू येईल तेव्हा आम्ही असू, पण ज्यांना आम्ही माती देऊन आलो, ते या आनंदाला मुकले का?

पुनरागमनाची शिकवण आपल्यापर्यंत आली ती अशी, शोक झालेल्या घरांतून. पौल सांगतो, ते मुकले नाहीत. ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, आपला क्रम त्यांच्या मागून. आणि लगेच म्हणतो, या शब्दांनी एकमेकांना धीर द्या. शोकाच्या घरी जाताना मी हा भाग सोबत नेतो. तिथे बसून तारखांची आकडेमोड करायचं कोणालाच सुचत नाही. तिथे एवढंच हवं असतं, की गेलेलं माणूस प्रभूच्या हाती सुरक्षित आहे.

याच पत्रात दोन ग्रीक शब्द येतात. एक ‘पारूसिया’, म्हणजे आगमन. राजा किंवा सम्राट एखाद्या शहराला भेट द्यायला येई, त्यालाही हाच शब्द वापरत. दुसरा ‘अपान्तेसिस’, म्हणजे सामोरं जाणं. राजा जवळ आला की नागरिक वेशीबाहेर जात आणि त्याला मानाने आत घेऊन येत. येशूच्या दाखल्यातल्या दहा कुमारी वराला सामोऱ्या निघाल्या, तिथेही हाच शब्द आहे. रोमचे बंधू पौलाला घ्यायला शहराबाहेर आले, तिथेही हाच, आणि ते त्याला घेऊन रोमलाच परतले. या वचनांच्या अर्थाबद्दल विश्वासणाऱ्यांत मतभेद आहेत, हे मी जाणतो. मला त्यातून दिसतं ते असं: ज्याला सामोरं जायचं, तो आपल्याच शहरात यायला निघाला आहे. मग ते शहर कसं ठेवायचं, हा प्रश्न आपलाच. तिथल्या विधवेची विचारपूस कोण करतं? तिथल्या बाजारात माप खरं आहे का?

थेस्सलनीकेत काहींनी कामधंदा सोडला होता. दुसऱ्या पत्रात पौल त्यांच्यासाठी जो शब्द योजतो, तो रांग मोडलेल्या शिपायाला लावत. ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊ नये, हे त्याचं वाक्य तिथलंच. हे वाक्य कोणी गरिबाच्या तोंडावर फेकलं की मला फार वाईट वाटतं. पौल ‘इच्छा नाही’ म्हणतो. काम मिळत नाही, अंगात बळ उरलं नाही, अशांविषयी तो बोलतच नाही. उलट तीनच वचनांनंतर सांगतो, चांगलं करताना थकू नका. तो स्वतः तंबू शिवून पोट भरत होता.

अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्यासाठी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला होता. काहींनी उभी पिकं शेतात तशीच सोडली. तो दिवस गेला, रात्र गेली, सकाळ उजाडली. माणसं ढसाढसा रडली. त्यांना हसण्याचा आपल्याला हक्क नाही, कारण प्रभूची इतकी ओढ आपल्यात कुठे आहे? पण दिवस आणि घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, हे प्रभूने स्वतः सांगितलं होतं, आणि ते पीक कापायला हवं होतं.

खुद्द पौलाचं काय झालं? थेस्सलनीकाकरांना लिहिताना तो ‘आपण जे जिवंत उरू’ असं म्हणतो; स्वतःलाही त्यात धरतो. पुढे वर्षं गेली, तुरुंग आले. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो म्हणतो, माझ्या जाण्याची वेळ आली आहे. प्रभूचं प्रकट होणं ज्यांना प्रिय आहे, त्या सर्वांसाठी नीतिमत्त्वाचा मुकुट ठेवलेला आहे, हेही तिथेच येतं. आणि त्यानंतर पाचच वचनांनी काय मागतो? त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये. पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. मार्कालाही बरोबर घे, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. आणि होईल तितकं करून हिवाळ्याआधी ये.