सांग, पण लिहू नकोस

श्रोते हो, नमस्कार.

मी बेळगावच्या उद्यमबागेतला, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतला माणूस. 31 वर्षं एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला होतो. हातात मायक्रोमीटर आणि खिशात लाल खडू. जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला भाग, गेजच्या मापाला बसला नाही की त्यावर फुली मारायची, एवढंच माझं काम. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असली की तेवढंही जड जायचं. ऑपरेटर मराठी असला तर म्हणायचा, "चालतंय की ओ!" कानडी असला तर, "नडीतैती बिड्री!" सीमाप्रश्नाचं काय व्हायचं ते होवो, या एका वाक्यावर दोन्ही भाषांचं एकमत आहे.

आज बोलणार आहे ते मात्र विमानाबद्दल. माझी पुतणी केबिन क्रूमध्ये आहे, आपण एअर होस्टेस म्हणतो ती. पोरगी हसून नमस्कार करते, चहा-सँडविच देते, असंच आमच्या गल्लीला वाटतं. मलाही वाटायचं. गणपतीला घरी आली तेव्हा तिनं सांगितलं, "काका, खरी ड्युटी प्रवासी चढायच्या आधीच सुरू होते." आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, धुरात घालायचा मुखवटा सीलबंद आहे का, मेगाफोन वाजतो का, दारातल्या रबरी घसरगुंडीचा दाब बरोबर आहे का, हे सगळं ती बघते. नवं मोठं विमान मंजूर होताना निम्मी दारं बंद धरून, भरलेलं विमान 90 सेकंदांत रिकामं करून दाखवावं लागतं. त्या हिशेबात अडकलेलं एक दारसुद्धा फार महाग पडतं.

तिच्यावर एकदा प्रसंग आला तो दाराजवळच्या खुर्चीचा. क्रूची ती जंप सीट उठलं की स्प्रिंगनं आपोआप मिटायला हवी, नाहीतर बाहेर पडायची वाट अडते. ती मिटेना. पुतणीनं सीनिअरला सांगितलं. उत्तर आलं, "माहीत आहे, कालपण तशीच होती. सांगितलंस ना, झालं. लिहू नकोस."

इथं माझे कान टवकारले. कारण आमच्या शॉपमध्येही हेच चालायचं. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. बिघाड लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, चढला की इंजिनिअरला येऊन बघावं लागतं, आणि दुरुस्त केला किंवा नियमात बसवून पुढं ढकलला, अशी सही करावी लागते. म्हणून सगळ्यांना भीती त्या पेनाची. तिनं लिहिलं. विमान पावणेदोन तास उशिरा सुटलं, आणि प्रवाशांच्या शिव्या खाल्ल्या कुणी? तिनंच. कंपनीचं नाव मी घेत नाही, पोरीला अजून तिथं नोकरी करायची आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो. प्रत्येक बिघाडाला विमान थांबत नाही, थांबवायची गरजही नसते. काय बंद असताना उडता येतं, याची मंजूर यादीच असते. काही वस्तूंना 3 दिवसांची मुदत, काहींना 10, काहींना चक्क 120. यादीत काही वाईट नाही. पण यादीतली किरकोळ वस्तू आणि कुणाचं तरी गप्प बसणं एकत्र आलं की काय होतं, ते कॅनडात दिसलं.

10 मार्च 1989. ड्रायडन गावचा विमानतळ. एका फोकर विमानाचं शेपटीकडचं, मुख्य इंजिनं सुरू करून देणारं छोटं सहायक इंजिन नादुरुस्त होतं, नियमानं पुढं ढकललेलं. त्या विमानतळावर बाहेरून इंजिन चालू करून द्यायचं यंत्रही नव्हतं. म्हणजे दोन्ही मुख्य इंजिनं बंद केली तर पुन्हा सुरू होणार नाहीत. म्हणून एक चालूच ठेवलं. त्या विमानाचं इंजिन चालू असताना पंखांवरचा बर्फ काढायची फवारणी करायची नव्हती, त्यामुळं तीही राहिली. बर्फ पडत होता. पंखावर साचलेला तो केबिनमधून दिसत होता. प्रवाशांना दिसला, एअर होस्टेसला दिसला. पायलटपर्यंत कुणी गेलं नाही. विमान झाडांवर कोसळलं, 69 पैकी 24 जण गेले. वाचलेल्या एअर होस्टेसनं चौकशीत सांगितलं की अशा बाबतीत आपलं बोलणं पायलट मनावर घेतील असं तिला वाटत नव्हतं.

तिला मी दोष देत नाही. मी स्वतः एकदा तीन जॉबवरची फुली ओल्या फडक्यानं पुसली आहे. शेवटची तारीख होती, साहेब मागंच उभे होते. ती लॉट परत आली. ट्रॅक्टरचे पार्ट होते, कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब. आज आपल्या हत्तरगीत विमानांचे सुटे भाग बनतात, तिथं हे फडकं चालत नाही म्हणतात. बरंच आहे.

गेल्या महिन्यात सांबऱ्याला, आपल्या विमानतळावर बसलो होतो. फलाटावर नव्हे, टर्मिनलमध्ये. जुनी सवय, जिभेवर फलाटच येतो. "तांत्रिक कारणामुळे उशीर" अशी घोषणा झाली. शेजारचे गृहस्थ काउंटरवर जाऊन हात आपटून आले. मला म्हणाले, "काय ओ, एवढ्याशा बारीक गोष्टीला विमान थांबवतात व्हय?" मी विचारलं, कुठली गोष्ट? त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पिशवीत पुतणीसाठी घेतलेला कुंदा होता, त्या मिठाईचा अर्धा पाव किलोचा पुडा फोडला आणि दोघांनी मिळून संपवला.