'आला तरी' आणि 'येणार असला तरी'

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषयाचं नाव लांबलचक छापलंय, पण गोष्ट दोन वाक्यांची आहे. उद्या इथल्या मैदानावर कबड्डीचे सामने आहेत असं समजा. एकजण म्हणतो, "पाऊस आला तरी सामने होतील." दुसरा म्हणतो, "पाऊस येणार असला तरी सामने होतील." आता मला सांगा, या दोघांपैकी पाऊस नक्की येणार हे कुणाला ठाऊक आहे? (श्रोत्यांतून : "दुसऱ्याला!") बघा, एका क्षणात उत्तर आलं. तिसऱ्या रांगेतल्या त्या छोट्या ताईनेसुद्धा दिलं. पहिल्याला पावसाचं काहीच माहीत नाही. येवो, न येवो, सामने होणार. दुसऱ्याने पाऊस धरूनच ठेवलाय. हा फरक तुम्हाला कुठल्या पुस्तकाने शिकवलेला नाही, तो घरातूनच आला.

आणि नेमका हाच फरक इंग्रजीत लिहायची वेळ आली की आपली हुशार मुलं अडखळतात. त्यांना तो कळत नाही म्हणून नव्हे. आम्ही शिक्षकांनी एक नियम अर्धाच शिकवला म्हणून.

माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. वडील उसाच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतात, आई शेतात जाते. पोरगी कष्टाची. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचं पत्रही हातात आलं. प्रश्न फक्त वसतिगृहाच्या पैशाचा होता. ते हप्त्याने भरू द्या अशी विनंती करायची होती. तिने स्वतः पत्र लिहिलं : 'ऑल्दो आय विल गेट द स्कॉलरशिप, माय फादर विल हॅव टू पे फॉर द हॉस्टेल.' शिष्यवृत्ती मिळणार असली तरी वसतिगृहाचा खर्च वडिलांना करावा लागेल. स्वच्छ, खरं वाक्य.

पाठवण्याआधी तिने ते एका इंग्रजीच्या क्लासमध्ये दाखवलं. तो कागद मी पाहिलाय. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेला. 'विल'वर लाल बॉलपेनची आडवी रेघ, इतकी दाबून मारलेली की मागच्या बाजूने बोटाला लागते. समासात लिहिलेलं, 'जोडशब्दानंतर विल नको', म्हणजे दोन वाक्यं जोडणाऱ्या शब्दानंतर भविष्यकाळाचं 'विल' नको. 'ऑल्दो'ही खोडलं, आणि वर सुधारून : 'ईव्हन इफ आय गेट द स्कॉलरशिप'. म्हणजे काय झालं? शिष्यवृत्ती मिळाली तरी. मिळणार असली तरी नव्हे, मिळाली तरी. म्हणजे मिळेल, न मिळेल.

पोरीने विश्वासाने तसंच पाठवलं. तिकडून नम्र उत्तर आलं की शिष्यवृत्ती अजून निश्चित नसेल तर निकाल कळेपर्यंत आम्ही तुमची विनंती थांबवून ठेवतो. ती माझ्या दारात आली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. उंबऱ्यावरूनच म्हणाली, "बाई, मी तर मिळणार म्हणूनच लिहिलं होतं हो." आम्ही ओट्यावर बसलो, मंजुरीचं पत्र जोडलं, तिचं मूळ वाक्य जसंच्या तसं परत घातलं आणि धाडलं. अकरा दिवस गेले त्यात. अकरा दिवस त्या घरात नीट कुणी जेवलं नाही. पुढे सगळं मार्गी लागलं, हप्तेही मिळाले. पण ती लाल रेघ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्या क्लासच्या सरांना मी दोष देत नाही. ते त्यांना जे शिकवलं गेलं त्याला जागले. आपली पिढी पाचवीत पहिल्यांदा इंग्रजी शिकली. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. उशिरा सुरू केलेली भाषा लवकर पुरी करायची, म्हणून सगळं नियमांत बांधलं आणि पाठ करून घेतलं. 'आय शॅल, यू विल' आठवतंय ना, 'आय' आणि 'वी'ला शॅल, बाकीच्यांना विल? (हशा) किती जणांनी त्यापायी छड्या खाल्ल्यात, हात वर करा. बरेच आहेत! शॅल-विलचा तो नियम जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. आज इंग्लंडात रोजच्या बोलण्यात तो फारसं कुणी पाळत नाही. आपल्या हातावर मात्र त्याचे वळ उठले.

'ऑल्दो'चं दुसरं एक दुखणंही आपलंच आहे. मराठीत जरी-तरीची जोडी येते, म्हणून मुलं 'ऑल्दो' लिहून पुढे हमखास 'बट' लिहितात. इंग्रजीला एकच पुरतो.

तर आम्ही अर्धाच शिकवलेला तो नियम कुठला? 'व्हेन, इफ, अन्टिल, अनलेस, बिफोर, आफ्टर, अॅज सून अॅज यांच्यामागे भविष्यकाळ सांगायचा असला तरी विल घालू नये.' हा नियम खरा आहे. 'व्हेन ही विल कम' नाही, 'व्हेन ही कम्स'. आम्ही हे कानीकपाळी ओरडून सांगितलं. पण सांगताना 'यांच्यामागे'चं कधी 'जोडशब्दामागे' झालं ते आम्हालाच कळलं नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं बिचारं 'ऑल्दो' त्यात गेलं.

आपल्या मराठी व्याकरणानेही थोडा हातभार लावला. शाळेत उभयान्वयी अव्ययांचे प्रकार शिकलात, त्यात 'पण, परंतु' न्यूनत्वबोधकात, म्हणजे उणीव दाखवणाऱ्यांत बसतात, आणि 'जर-तर' व 'जरी-तरी' दोन्ही एकाच संकेतबोधकाच्या, म्हणजे अट दाखवणाऱ्यांच्या खणात. जुन्या मराठीत तर 'जरी' हा 'जर'च्या अर्थानेही यायचा. तेव्हा मुलाच्या डोक्यात 'जरी' म्हणजे 'जर'चा सख्खा भाऊ. 'इफ'ला विल नाही, मग 'ऑल्दो'लाही नाही. त्याचा हिशोब त्याच्या जागी बरोबरच होता.

(व्यासपीठावरून चिठ्ठी येते.) दहा मिनिटं? अध्यक्ष महाराज, मुख्य मुद्दा आता कुठे सुरू होतोय. बरं, भराभर सांगते, लिहून घ्या.

'इफ' आणि 'व्हेन'च्या वाक्यात बोलणारा ती गोष्ट घडणार अशी ग्वाही देत नाही. ती नुसती अट असते, किंवा वेळेची खूण. भविष्यकाळ मुख्य वाक्यात आलेलाच असतो, म्हणून इंग्रजी तिथे वर्तमानावर भागवते. मराठी तर पुष्कळदा भूतकाळ वापरते : 'तो आला की निघू', 'पाऊस आला तर थांबू'. 'ऑल्दो', 'दो', 'ईव्हन दो' यांच्या वाक्यात मात्र बोलणारा छातीठोकपणे सांगतो की हे होणार आहे, आणि तरीही दुसरंही होणार आहे. तिथे विल हवंच, किंवा 'गोइंग टू'. 'बिकॉज'चंही तसंच. 'बिकॉज इट विल रेन' यात कुणालाच काही खटकत नाही, आणि तोही जोडशब्दच आहे की!

कसोटी सोपी. वाक्य तोडून बघा. 'पाऊस येणार आहे. तरी सामने होतील.' तुटलं, अर्थ शाबूत राहिला. म्हणजे 'ऑल्दो इट विल रेन'. 'पाऊस आला तरी सामने होतील' हे तोडायला जा, तुटत नाही. 'पाऊस आला' एवढंच म्हटलं तर तो येऊन गेलासुद्धा. म्हणजे 'ईव्हन इफ इट रेन्स'. मात्र 'पाऊस आला तरी सामने झाले' असेल तर गोष्ट घडून गेलेली, तिथे 'ऑल्दो इट रेन्ड'. शेवटचं क्रियापद बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

'जरी' शब्दावर भरवसा ठेवू नका, तो दोन्हीकडे येतो. क्रियापदाकडे बघा. 'णार असला तरी' दिसलं की 'ऑल्दो' आणि विल, डोळे झाकून.

'व्हाइल' दोन प्रकारचा. 'मी स्वयंपाक करेन तेव्हा तू दळण आण' यातला वेळेचा. त्याला विल नको. 'शहराला रोज पाणी मिळेल, तर वाडीला आठवड्यातून दोनदा' यातला तुलनेचा. त्याला विल चालतं. 'व्हेअरॅज' नेहमीच तुलनेचा, म्हणून त्याला विलची कधीच अडचण नाही.

मघाशी कुणी तरी विचारलं होतं, 'इफ'ला विल नको, तर मग 'इफ यू विल वेट' कसं चालतं? ते बरोबर आहे, कारण तिथलं विल भविष्यकाळाचं नाही. विल या शब्दाचा मूळ अर्थ 'इच्छा असणे'. जर्मन माणूस आजही 'इश् विल' म्हणतो ते 'मला हवंय' या अर्थी. 'आपण जरा थांबायला तयार असाल तर' असं ते वाक्य आहे.

दुसरी चिठ्ठी आली, थांबते. पण तिसऱ्या रांगेतल्या ताई, एवढं वाक्य वहीत घेऊन जा आणि उद्या ग्रंथालयात मला इंग्रजी करून दाखव : 'बाबा उद्या येणार नसले तरी आजी येईल.' लाल पेन मी आणणार नाही.